हृदयाच्या मृत भागाबाबतचा अर्ज

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी "आता हे असंच राहणार" असे सांगून घरी पाठवले आहे, अशा बंधुभगिनींच्या माहितीसाठी मी हे लिहीत आहे. प्रारंभीच स्पष्ट करतो, की मी बरा झालेलो नाही. माझी प्रकृती स्थिर आहे. या दोन गोष्टींत फरक आहे, हे समजण्यासाठी मला दोनदा इस्पितळात पडून राहावे लागले.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. निपाणीजवळच्या गावी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो. कन्नड आणि इंग्रजी मात्र बेंगळुरूस आल्यावर कचेऱ्यांच्या दारात बसून कमावले. आनेकलच्या तालुका कचेरीबाहेर चिंचेच्या झाडाखाली गेली सव्वीस वर्षे माझे टेबल आहे. या काळात अनेक साहेब आले आणि बदलून गेले, परंतु माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची वेळ त्यांच्यापैकी कोणावरही आली नाही. हे गर्वाने नव्हे, नोंद म्हणून सांगत आहे. मराठीत मात्र मी आजवर एकही अर्ज लिहिलेला नाही, कारण येथे मराठीत अर्ज घेणारी कचेरी नाही. तेव्हा या लेखनातून मी कोणाकडे काही मागत आहे, असा गैरसमज कृपया कोणी करून घेऊ नये.

अपूर्ण वाक्य

झटका आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. एका बाईच्या जमिनीतून कारखान्याचा रस्ता जाणार होता, तिची हरकत मी टंकलिखित करीत होतो. प्रथम जबडा दुखू लागला. दाढ असावी, असे मला वाटले. मग डावा हात जड झाला आणि सदरा पाठीला चिकटला. समोरची बाई म्हणाली, "सामी, पाणी घ्या." मी तिला थांबण्याची खूण केली.

शेजारच्या टेबलावर नंजुंडप्पा बसतो. तोही अर्जनवीस. वीस वर्षांचा शेजार आणि तितकीच जुनी चढाओढ. मला तो सर्वांसारखाच रायरे, म्हणजे रावसाहेब, म्हणतो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो उठून उभा राहिला.

"रायरे, तोंड राखेसारखं झालंय तुमचं. बन्नी, चला उठा, दवाखान्यात जाऊ."

"वाक्य संपू दे."

"वाक्य मी संपवतो! तुम्ही उठा आधी."

त्याने माझे वाक्य संपवावे, ही कल्पना मला सहन झाली नाही. मी ते पूर्ण केले. खालचा परिच्छेदही पूर्ण केला. कागद यंत्रातून काढण्यासाठी हात वर केला, तेव्हा मी टेबलावर आडवा झालो. पुढे तालुक्याचा दवाखाना, तेथून एका टेम्पोतून शहरातील हृदयाचे मोठे सरकारी इस्पितळ, असा सगळा प्रवास नंजुंडप्पाने माझे डोके मांडीवर घेऊन केला. "अर्धा तास आधी आला असता, तर कमी नुकसान झालं असतं," असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. तो अर्धा तास मी कशासाठी खर्च केला, हे मी वर लिहिले आहे. वाचकांपैकी कोणाला अशी कळ आल्यास हातातले वाक्य तेथेच सोडावे.

कागदावरचे चित्र

इस्पितळात माणसाचे माणूसपण सकाळी सहाला थर्मामीटरने संपते आणि संध्याकाळी भेटीच्या वेळी परत सुरू होते. मधल्या वेळात तो खाट असतो. मी अकरा नंबरची खाट होतो. "अकराला उप्पिट्टू नको, मीठ आहे." "अकराचा छातीचा आलेख काढा." कोणत्याही कचेरीत ज्याला पाहून शिपाईसुद्धा खुर्ची सरकवतो, त्याच्याविषयी हे बोलणे त्याच्याच उशाशी चाललेले असे. मुभा फक्त कण्हण्याची होती.

एक गोष्ट मात्र कृतज्ञतेने नोंदवतो. छातीचा आलेख काढण्यापूर्वी छातीवर गार मलम लावतात, आणि ते लागताच अंग दचकते. केरळकडची एक सिस्टर होती. ती ते मलम आधी आपल्या तळहातावर घेऊन चोळून कोमट करी. तिला तसे कोणी सांगितले नव्हते. माझ्याशी ती कधी चार शब्दही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. वय तीस-बत्तीस, माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या. त्यांनी एका कागदाच्या पाठीवर हृदय काढले आणि त्याचा खालचा कोपरा पेन्सिलीने काळा केला.

"रायरे, हा भाग गेला."

"गेला म्हणजे?"

"मेला. इथला स्नायू आता आकुंचन पावत नाही. बाकीच्या भागाला याचंही काम करावं लागणार."

"परत केव्हा येईल?"

"येत नाही. कातडी भरून येते, हाड सांधतं. हे नाही."

"असे कोणत्या कारणास्तव?"

त्या जरा हसल्या. "कारण नाही. असंच असतं."

कारण न देता दिलेला हुकूम मी आयुष्यात कधी मान्य केलेला नाही आणि दुसऱ्या कोणाला मान्य करूही दिलेला नाही. त्या दिवशी भीतीपेक्षा संतापच अधिक वाटला. भीती नंतर आली, बायको घरी गेल्यावर आणि समोरची खाट रिकामी झाल्यावर.

चार ओळींची बातमी

घरी येऊन आठवडा झाला होता. आम्ही जयनगरात एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. मी, पत्नी अनसूया आणि मुलगी सुनंदा. सुनंदा एका कंपनीत संगणकावर काम करते आणि दुपारी डबा खाताना तेथील इंग्रजी वर्तमानपत्र वाचते. एके दिवशी तिने त्यातला एक तुकडा कापून आणला. माझे मन रमावे, एवढाच तिचा हेतू होता.

बातमी चार ओळींची होती. परदेशातील शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या पायाच्या स्नायूतून पेशी काढल्या, त्या वाढवल्या आणि त्याच्या हृदयाच्या निकामी झालेल्या भागात सोडल्या. तेथे त्या रुजल्याचे दिसले. पुढेमागे झटका आलेल्या रुग्णांना याचा उपयोग होईल, अशी आशा आहे.

मी ती चार वेळा वाचली आणि ताठ बसलो.

"अप्पा, कुत्र्यावर केलंय हं. माणसावर नाही," सुनंदा म्हणाली.

"तोच तर मुद्दा आहे."

"कसला मुद्दा?"

"पूर्वदाखला! एकदा एकाला दिलं की दुसऱ्याला नाकारता येत नाही. इथे तर कुत्र्याला दिलं आहे. माणसाला कोणत्या तोंडाने नाकारतील?"

सुनंदाने आईकडे पाहिले. अनसूया तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "टायपाचं यंत्र आण गं खाली फळीवरनं. आता हे ऐकायचे नाहीत."

इस्पितळाच्या संचालकांच्या नावे मी अर्ज केला आणि त्याच्या प्रती आरोग्य खात्यास व एका वैद्यकीय महाविद्यालयास दिल्या. मूळ अर्ज इंग्रजीत होता. त्यातील मुख्य परिच्छेद मराठीत असा होईल: "अर्जदाराच्या हृदयाचा खालचा भाग मृत असल्याचे आपल्याच इस्पितळाने लेखी कळविले आहे. अर्जदाराच्या उजव्या मांडीचा स्नायू सुस्थितीत असून त्यातून आवश्यक तेवढ्या पेशी काढून घेण्यास अर्जदाराची कोणतीही हरकत नाही. सबब, सदर पेशींचे रोपण करून उपरोक्त मृत भाग पूर्ववत करून देण्यात यावा, ही नम्र विनंती."

आजही हा परिच्छेद वाचला, तर त्यात मला दोष सापडत नाही.

माझी चूक

आता जे लिहितो, ते लिहिणे मला जड जात आहे. परंतु ज्यांच्यासाठी हे लेखन आहे, त्यांना याचाच सर्वांत अधिक उपयोग होईल.

आमच्या व्यवसायात एक पक्का नियम आहे. सरकारने जमीन घेतली आणि तुम्ही वर अपील केले, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत ताबापावतीवर सही करायची नाही. सही केली की तुम्ही हुकूम मान्य केला, आणि अपील तेथेच मेले. हा नियम न पाळल्यामुळे बुडालेले लोक मी पाहिले आहेत. माझ्या टेबलाशी आलेल्या प्रत्येकाला मी हेच बजावले आहे: थांबा, सही करू नका, त्यांच्या बाजूने एक पाऊलही टाकू नका.

इस्पितळातून निघताना मला तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या होत्या. एक रक्त गोठू नये म्हणून. ती मी घेत होतो, कारण ती माझ्या लेखी तात्पुरत्या मनाई हुकमासारखी होती. उरलेल्या दोन दुबळ्या हृदयासाठी आणि अंगात पाणी साचू नये म्हणून होत्या. या दोहोंविषयी डॉक्टरबाईंनी सांगितले होते, "या आता जन्मभर." शिवाय रोज चालायचे, आणि दर आठवड्याला थोडे अंतर वाढवायचे.

जन्मभर हा शब्द मला टोचला. माझा अर्ज विचाराधीन असताना जन्मभराची गोळी घेणे म्हणजे मृत भाग मृतच राहणार हे मान्य करणे. दुबळ्या हृदयाला साजेसे चालू लागणे म्हणजे त्या हृदयाचा ताबा घेणे. मी दोन्ही गोष्टी थांबवल्या.

अनसूया रोज सकाळी तिन्ही गोळ्या माझ्या तळहातावर ठेवून पाण्याचा पेला देई. पहिली मी गिळत असे. उरलेल्या दोन जिभेखाली धरून न्हाणीघरात जाई आणि थुंकून टाकी.

संध्याकाळी ती चपला घालून दाराशी उभी राही. "चला की स्वल्प. पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत जाऊ."

"उत्तर येऊ दे."

"खांबापर्यंत जायला कुणाचं उत्तर पायजे?"

मी फाटकाशी खुर्ची टाकून पोस्टमनच्या वाटेकडे पाहत बसे. ती एकटीच खांबापर्यंत जाऊन येई, मग दुसऱ्यापर्यंत. आजारी मी होतो आणि प्रकृती तिची सुधारत होती, असे मी तिला एकदा बोलूनही दाखवले. त्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बिनमिठाच्या सारावरून मी ताट सरकवले, तेव्हा सुनंदा प्रथमच माझ्यावर ओरडली. या घरात पूर्वी कोणी ओरडत नसे. आवाज चढवण्याचा अधिकार माझा होता आणि मला त्याची गरज पडत नसे.

टेबल नसलेला अर्ज

उत्तर आले नाही. मी एक स्मरणपत्र पाठवले, मग दुसरे. अखेर स्वतः इस्पितळाच्या आवक विभागात गेलो. जिना चढताना तीनदा थांबावे लागले. तेथील कारकुनाने माझी फाइल बराच वेळ चाळली.

"हा कुठं पाठवू, सार? हार्टला सेक्शन आहे. कुत्र्याला नाही."

"मग संचालकांच्या टेबलावर ठेवा."

"ठेवला होता. त्यांनी खाली पाठवला. खालच्यांनी माझ्याकडं पाठवला." त्याने फाइल परत बांधली. "तुम्हीच सांगा, सार. तुम्ही अर्जातले जाणकार दिसता."

सव्वीस वर्षांत प्रथमच माझ्या अर्जाला जाण्यासाठी टेबल नव्हते. मी त्या कारकुनावर खूप ओरडलो. तो उठला आणि त्याने मला बसायला आपली खुर्ची दिली, कारण मला दम लागला होता. त्याचा मला अधिकच राग आला.

त्यानंतर पायांवर सूज चढली. चपलेचा पट्टा रुतून पावलावर वळ उमटू लागले. आडवे पडले की छातीवर कोणी बसल्यासारखे होई. मी हे कोणाला सांगितले नाही. एका सकाळी न्हाणीघरातून स्वयंपाकघरात येताना मधल्या उंबऱ्यावर मी बसलो, तो मला उठता येईना. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. अनसूयाने आणि रिक्षावाल्याने मिळून मला उचलले. तो सारखा म्हणत होता, "अक्का, भिऊ नका, आलंच." त्याने रिक्षा थेट इस्पितळाच्या पायरीला लावली.

त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी अंगठ्याने माझी नडगी दाबली, खळगा पाहिला आणि विचारले, "गोळ्या घेताय ना नीट?"

"मी माझ्या हातानं देते, डॉक्टर. एक दिवस चुकवला नाही," अनसूया म्हणाली.

मी छताकडे पाहिले. आरोपाला उत्तर न देणे म्हणजे तो कबूल करणे, असे मी लोकांना नेहमी सांगत आलो आहे. माझी बायको कधीही शाळेत गेलेली नाही, पण तिला ते तत्काळ कळले.

"थुंकलात?"

मी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"माझ्या हातातून घेतल्यात आणि थुंकल्यात?"

"अगं, त्यामागे कारण..."

"कारण तुमच्या टेबलावर सांगा." तिचा आवाज चढला नव्हता. "तो परदेशातला कुत्रा तरी बरा. त्यानं गिळली असती."

नळी लावणारी सिस्टर हसू दाबण्यासाठी दुसरीकडे वळली. अनसूया खोलीबाहेर गेली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडली. मला ते खाटेवरून दिसत होते आणि उठून जाता येत नव्हते. या आजारात मला पुष्कळ गोष्टींचा त्रास झाला. त्यांत ही सर्वांत वाईट.

पूर्वदाखला

चौथ्या दिवशी सूज उतरली. त्या दुपारी डॉक्टरबाई माझा अर्ज आणि दोन्ही स्मरणपत्रे टाचणीला लावून घेऊन आल्या, आणि स्टूल ओढून खाटेशी बसल्या. डॉक्टर बसून बोलला की अर्धा ताप तेथेच उतरतो, ही गोष्ट या पेशातील लोकांना कोणीतरी कळवायला हवी.

"हे फिरत फिरत शेवटी माझ्याकडं आलं. दोनदा वाचलं. छान लिहिलंय, रायरे."

मला बरे वाटले. ते लपवणे मला जमले नाही.

"पण हे मंजूर करता येत नाही. नाकारताही येत नाही. अशी शस्त्रक्रिया माणसासाठी अजून जगात कुठं सुरू नाही. नसलेली गोष्ट कुणी कशी नाकारणार?"

"कुत्र्याला दिली आहे."

त्यांनी अर्ज खाटेच्या कडेला ठेवला. "पेशी रुजल्या, हे त्यांना कसं कळलं, ठाऊक आहे?"

"यंत्राने पाहिले असेल."

"हृदय बाहेर काढून. त्याचे काप करून काचेखाली ठेवतात आणि बघतात."

"सगळ्या कुत्र्यांचे?"

"हौदु, सगळ्यांचे. तुमच्या पूर्वदाखल्यात हेही येतं."

चार ओळींच्या बातमीत हे नव्हते. कागदपत्र अपूर्ण असताना अर्ज करू नये, हेही मीच लोकांना सांगतो. मी कडेचा अर्ज उचलून पालथा ठेवला. मग विचारले, "माणसांसाठी केव्हा येईल?"

"खरं सांगू? ठाऊक नाही. दहा वर्षं, वीस वर्षं. कदाचित येणारही नाही. आगोदिल्ल, होणार नाही, म्हणून सांगायलाही मी कोण?" त्यांनी माझी नडगी पुन्हा दाबली. या वेळी खळगा पडला नाही. "हे मात्र ठाऊक आहे. गोळी लागू पडते. उद्यापासून व्हरांड्यात चाला." आणि त्या बारा नंबरच्या खाटेकडे वळल्या.

माझी चीड तेव्हा गेली नाही आणि अजूनही गेलेली नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. माझ्यावर अन्याय झाला असता, तर पुढचा मार्ग मला ठाऊक होता. कोणी लाच मागितली असती, फाइल दाबली असती, तर मी सर्वांत वरच्या दारापर्यंत गेलो असतो. येथे दोषी कोणीच नव्हते. एका स्नायूला रक्त मिळाले नाही आणि तो मेला. याविरुद्ध कोणाच्या नावे लिहायचे?

सध्याची स्थिती

आता आठवड्यातून तीन दिवस आनेकलला जातो. बसायला जागा नसेल, तर ती बस सोडतो. यंत्र हलवायचे काम नंजुंडप्पा करतो आणि ते करताना बोलतो फार. चालणे सुरू आहे. चौथ्या खांबाच्या पुढे अजून गेलो नाही. अनसूया सहाव्यापर्यंत जाऊन येते आणि परत येताना मला घेते. डाव्या हाताने पिशवी उचलली, की दम लागतो. लोकांसमोर लागला, तर मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने थांबतो.

पेशींचा तो उपाय एक दिवस येईल, असे मला वाटते. तोपर्यंत असलेल्यांपैकी मी असेन की नाही, हे सांगता येत नाही. ज्यांच्या हृदयाचा कोपरा असाच काळा झाला आहे, त्यांनी वाट अवश्य पाहावी. मात्र गोळी घेऊन पाहावी. गोळी ही ताबापावती नाही. ती घेतल्याने कोणाचा कोणताही हक्क बुडत नाही, हे मी माझ्या अधिकारात सांगतो, कारण तसे न मानणारा मीच एकटा मला भेटला आहे.

अनसूया आता बोलते, हसतेही. पण माझा शब्द तिला पुरत नाही. रोज सकाळी तिन्ही गोळ्या तळहातावर ठेवते, पेला देते आणि समोर उभी राहते. मी गिळतो.

"आ करा."

मी तोंड उघडतो.

"जीभ उचला बघू."

सुनंदा डबा भरता भरता पाठमोरी होते, म्हणजे मला अवघडल्यासारखे होऊ नये. एकावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, मी जीभ उचलून उभा राहतो. अनसूया वाकून डावीकडे पाहते, उजवीकडे पाहते, आणि खात्री पटल्यावर कॉफी ओतायला घेते.